तुमचे आजोबा हसत होते का?

"बाई, तुमचे आजोबा हसत होते का?"

अकोल्याला जठारपेठेत आम्ही नवं बिऱ्हाड थाटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कुंपणापलीकडून मला हा प्रश्न आला. पाहते तर खाकी कोट, डोक्यावर सोला टोपी, एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात ढोरांना औषध पाजायची बांबूची नळी. नाव नाही, गाव नाही, 'कोणीकडले तुम्ही' नाही, एकदम आजोबा! मी म्हटलं, "कोणते आजोबा?"

"दोनी सांगा," ते म्हणाले. "पन आईकडल्यापासून सुरू करा."

मी पदर सावरला, सरळ घरात आले आणि आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, हे घर सोडा. शेजारी वेडा राहतो." हे कोर्टात कारकून, त्यामुळे पुराव्याशिवाय काही मानत नसत. संध्याकाळी चौकशी करून आले ते हसतच. शेजारी वेडा नव्हता, सरकारी माणूस होता. ढोरांच्या दवाखान्यातले इंगळे डॉक्टर. तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडाचं सरकार बसायचं नागपुरात आणि ढोरं उभी असायची आमच्याकडे. त्या दोघांच्या मधोमध इंगळे डॉक्टर सायकल हाणत फिरायचे. बाळापूरजवळच्या एका गावचे, माळ्याच्या घरातले. वांगी, कांदे आणि झेंडूच्या मळ्यातून उठून मुंबईला जनावरांच्या कॉलेजात शिकून आलेले. लग्न केलेलं नाही. घरात एक पुतणी, इंदू. तिची आई तापानं गेलेली आणि बाप तिच्यामागून. मी शिकवायची त्याच शाळेत ती होती आणि पुढे माझ्या वर्गात आली. पोरगी हुशार, तोंडाळ आणि काकाच्या वरताण.

डॉक्टरांना सगळी जठारपेठ भ्यायची. रागावत होते म्हणून नव्हे, विचारत होते म्हणून. वाण्याकडे गूळ घ्यायला गेले तरी वाण्याच्या चुलत्याची चौकशी. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले की समोरच्याचा घास तोंडातच राही. "तुमच्या घरी कोनी असं बसते का हो? म्हन्जे बोलनं नाई, खानं नाई, निरा भिताडाकडे पाहात?" आता सांगा, जिलबी खाताना माणसानं याचं काय उत्तर द्यावं? लोक म्हणत, "डॉक्टर, आमच्या घरी सगळे उभे आहेत." मग ते नाराज होत. त्यांना बसलेलाच माणूस हवा असे.

हे 'बसणं' म्हणजे काय, ते मला बैलबाजारात कळलं. आमच्या ह्यांच्या मामांना बैल घ्यायचा होता, म्हणून आम्ही डॉक्टरांना सोबत नेलं. शेजारी डॉक्टर असून उपयोग काय नाहीतर! बाजारात एक पांढराशुभ्र, देखणा बैल होता. मामा त्याच्यावर भाळलेच. विकणारा निघाला डॉक्टरांचा सख्खा चुलतभाऊ. झालं, मामांना वाटलं घरचाच सौदा. डॉक्टरांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला आणि भर बाजारात खणखणीत आवाजात म्हणाले, "घेऊ नका मामा. हा नांगराच्या तासात बसकन मारते. याची माय मारत होती. मायचा बापबी मारत होता."

चुलतभावाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "सदाशिव, तू माहा भाऊ हायेस का दलालाचा?"

"मी बैलाचा हावो," डॉक्टर म्हणाले. मग आमच्याकडे वळून सांगायला लागले, "बैल चालता चालता बसला का लोक त्याले हानतात, शेपूट पिरगाळतात. म्हन्ते आळशी हाय. थो आळसानं नाई बसत, बाई. थ्याच्या आंगातून काईतरी निघून जाते. चारा समोर अस्ते, पानी समोर अस्ते, अन् थो पाह्यते निरा." हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता. मामांनी बैल घेतला नाही. तो चुलतभाऊ पुढे कितीतरी वर्षं डॉक्टरांच्या दारात आला नाही.

तर ही बसकण इंगळ्यांच्या घरात माणसांना होत असे. त्यांच्या गावात तसं सरळ म्हणतच : 'इंगळ्याच्या म्हाताऱ्यानं बसकन मारली.' डॉक्टरांचे आजोबा एका पावसाळ्यात बसले ते मळ्यातला कांदा जमिनीत कुजला तरी उठले नाहीत. वडील बसत आणि दोन-चार महिन्यांनी आपोआप उठत. उठले की दुप्पट काम करत. आणि डॉक्टरांचा थोरला भाऊ सखाराम, इंदूचा बाप. तो एका हिवाळ्यात बसला. तो उठला तो फक्त विहिरीपर्यंत जायला.

ही गोष्ट डॉक्टरांनी मला एकदाच आणि एका दमात सांगितली आणि लगेच माझ्या बकरीची जीभ ओढून पाहायला लागले. मीही पुढे विचारलं नाही. त्यांची ती सगळी चौकशी, ते आजोबा, ते पंगतीतले भलते प्रश्न, सगळं त्या विहिरीपासून सुरू झालं होतं. त्यांना एवढंच हवं होतं : हे आमच्या रक्तात येतं ते कुठून येतं, कोणाला धरतं, कोणाला सोडतं? आणि खरा प्रश्न त्याच्याही मागे होता. इंदूला धरेल का?

लोक म्हणायचे, "डॉक्टर, त्यात काय एवढं? खाण तशी माती. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार."

यावर ते चवताळायचे. "अहो, आडात हाय हे मले माहीत हाय! पन एका पोहऱ्यात येते अन् दुसऱ्यात येत नाई, थे काहून? एकाच गायीचे दोन गोऱ्हे. एक बसते, एक जलमभर नांगर ओढते. माह्या बापाचे आमी दोघं. सखाराम बसला. मी नाई बसलो. काहून? थे सांगा, मंग म्हनी ऐकवा."

मी शाळेत मराठी शिकवायची, सगळ्या म्हणी माझ्या खिशात. पण याला जोड माझ्याकडे नव्हती.

रविवारी त्यांच्या ओसरीवर सगळं घराणं मांडलेलं असे. म्हणजे खरोखर मांडलेलं. सारवलेल्या जमिनीवर वरून खाली पिढ्या. हसता-बोलता माणूस म्हणजे तुरीचा दाणा. बसलेला माणूस म्हणजे सरकी. ज्याचं काहीच कळलं नाही तो ज्वारीचा दाणा. स्वतः उकिडवे बसून, चष्मा कपाळावर चढवून, ते पणजोबांना इकडून तिकडे सरकवत. इंदू मधूनच ओरडायची, "काकाजी, ती तूर मला वरणाला हवीय!"

"थांब ना, तुह्या आत्याबाई हायेत थ्या."

एका रविवारी मी पुरणपोळी द्यायला गेले आणि फाटक उघडंच राहिलं. आमची बकरी मैना मागोमाग आली. आता बकरीपुढे सरकी टाकल्यावर ती काय पुराण ऐकणार? डॉक्टर चष्मा शोधेपर्यंत तिनं जिभेच्या दोन फटकाऱ्यांत वरच्या दोन पिढ्या साफ केल्या.

"अव माय! बाई, तुमच्या बकरीनं माहा आजा खाल्ला!"

मला हसू आवरेना. इंदू तर खांबाला धरून खाली बसली. हे कुंपणावरून म्हणाले, "डॉक्टर, वाईट काय झालं? रोगी तेवढे गेले. आता घराणं निकोप!" डॉक्टरांनी रागानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच इतके हसले की ठसका लागला. माणूस असा होता. एवढं काळंकुट्ट ओझं घेऊन फिरायचा आणि कोणी हसवलं तर मनापासून हसायचा.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मी आईला खरंच विचारलं, आजोबा हसत होते का. आई म्हणाली, "ते कधी हसले नाहीत, पण दुसऱ्यांना हसवून हसवून लोळवायचे." मी येऊन डॉक्टरांना हे सांगितलं तर ते दिवसभर अस्वस्थ. संध्याकाळी कुंपणावरून हाक आली, "बाई, यायले कोन्या दान्यात टाकू?"

कोणत्या पुस्तकात वाचलं, कोणत्या साहेबाकडून ऐकलं, असं त्यांचं काही नव्हतं. दवाखान्यात सरकारी वळू असत आणि कोणत्या वळूची कोणती वीण, हे पाहणं त्यांचं कामच होतं. मारक्या गायीची कालवड मारकी निघते, हे ते रोज पाहत. मग माणसाचं का नको पाहायला, एवढाच त्यांचा साधा सवाल. स्वतः लग्न का केलं नाही, असं मी एकदा आडून विचारलं, तर सरळ म्हणाले, "ज्या वळूची खोड समजली नाई, थ्याची वीन वाढवाची नस्ते." मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही वळू नाही." म्हणाले, "थे खरं. वळू माह्यापेक्षा सुखी अस्ते."

मग एक दिवस ते नाचतच आले. अक्षरशः नाचत. सायकल कुंपणाला टेकवली आणि टोपी हवेत उडवली. "बाई, सापडलं! पोरींले होत नाई!"

पाच पिढ्यांच्या म्हणे त्यांनी मुली तपासल्या. गावातल्या ज्या-ज्या जुन्या माणसाला विचारलं, तो प्रत्येक इंगळ्याच्या पोरींबद्दल एकच सांगे : हसऱ्या, खेळकर, झाडावर चढणाऱ्या. एकही बसलेली नाही. सगळी तूर! बसतात ते पुरुष. आजोबांची बहीण चंद्री तर इतकी अवखळ की चिंचेवरून उतरायचीच नाही, चिंचा खाली फेकून लोकांची डोकी मोजायची. "माही इंदू सलामत हाय, बाई," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं. मी साखर आणून त्यांच्या हातावर ठेवली.

त्यानंतरच त्यांनी इंदूच्या लग्नाचं मनावर घेतलं. मुलगी मॅट्रिक झालेली, तिच्या तोडीचा मुलगा मिळणं सोपं नव्हतं. पण अमरावतीच्या एका संत्र्याच्या बगीचेवाल्या घरात जमलं. मुलगा वामन, शांत, शिकलेला, हातात माती असलेला. त्याला बाप नव्हता. घराची सगळी सूत्रं आईच्या, काशीबाईंच्या हातात. आवाज असा की बगिच्याच्या या टोकाहून त्या टोकाचा गडी उभा राहावा. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत आपल्या घरची बसकण सांगून टाकली होती आणि लगेच म्हणाले होते, "पन पोरींले होत नाई. मी पाहून ठेवलं हाय." काशीबाई म्हणाल्या होत्या, "मंग झालं त." साखरपुडा झाला. लग्न पौषाआधी करायचं ठरलं.

कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा आली. कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर, म्हणून आमच्याकडच्या बायकांचा तिथे भारी ओढा. डॉक्टर, इंदू, मी आणि आमचे हे, असे निघालो. बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आणि पुढे बैलांची दमणी. डॉक्टरांना देवदर्शनाशी कर्तव्य नव्हतं. पण सगळ्या वऱ्हाडातली म्हातारी माणसं एका जागी सापडतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. वर्धेच्या काठी लोक चुली मांडत होते, रोडगे भाजत होते, आणि डॉक्टर एका चुलीवरून दुसऱ्या चुलीकडे.

एका लिंबाखाली गुल्हान्यांचा गोतावळा उतरला होता. आजोबांची बहीण चंद्री याच घराण्यात दिलेली. तिच्या लग्नानंतर दोन्ही घरांत काहीतरी बिनसलं आणि येणं-जाणं तुटलं, ते कायमचं. तिथली एक बोळकी म्हातारी रोडग्यावरची राख झटकत होती. डॉक्टर तिच्यापुढे फतकल मारून बसले.

"आजी, तुमच्या घरी एक सुभद्रा नावाची सून होती म्हन्तात. थे बसत होती?"

ही सुभद्रा त्यांना ऐकून माहीत होती. गुल्हान्यांची कोणीतरी सून. परक्या घरची, म्हणून त्यांनी ती आपल्या मांडणीत घेतलीच नव्हती. नुसतं जाता जाता विचारलं.

"बसत होती? अवं बाप्पा, दुसरं पोरगं झाल्यावर जे बसली! भिताडाले पाठ लावून. लेकरू रडे, हिचं ध्यान नाई. सासूनं चटके देले, देवरुषी केला, काई नाई. तशीच गेली बिच्चारी."

"अन् चंद्री? चिंचेवर चढे थे?"

म्हातारीनं त्यांच्याकडे असं पाहिलं जसं मी पहिल्या दिवशी पाहिलं होतं. "अरे बाबू, चंद्री म्हन्जेच सुभद्रा ना! लग्नात नाव बदललं थिचं. तुमचीच पोरगी थे."

मी तिथेच उभी होते. डॉक्टरांनी हातातला रोडगा खाली ठेवला आणि नदीकडे पाहत राहिले. मला समजायला जरा वेळ लागला. त्यांनी पोरींची चौकशी केली होती ती त्यांच्या माहेरी. आठ-दहा वर्षांची पोर लग्न होऊन जायची, ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं नवं नाव लिहिलं की जुनं नाव तिथेच संपायचं. माहेरी आठवण राहायची ती झाडावर चढणाऱ्या पोरीची. पुढे ती सासरी, दुसऱ्या नावानं, कोणत्या भिंतीला पाठ लावून बसली, हे माहेरच्यांना कोण सांगतो? आणि सासरचे म्हणणार, बाहेरची होती. त्या साऱ्या हसऱ्या तुरींपैकी कोण कोण कुठे कुठे बसली असेल, देव जाणे. एवढा बारकाईनं शोध घेणारा माणूस, पण मुलीचं नाव बदलतं ही गोष्ट त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली की ती त्याला दिसलीच नाही. मला तरी कुठे दिसली होती? माझंही नाव बदललेलंच आहे की.

परतताना दमणीत डॉक्टर गप्प. कोणाचे आजोबा नाहीत की कोणाची मावशी नाही. शेवटी इंदूच म्हणाली, "काकाजी, काय झालं ते सांगा, नाहीतर मी खाली उडी मारते."

त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे मी बसणार?"

"बसशीनच असं नाई, माय. पन बसू शकते."

"मग आजपासून तुम्ही कशाला बसलात?" पोरगी ठसक्यात म्हणाली, पण माझा हात तिनं इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. थोड्या वेळानं म्हणाली, "वामनच्या घरी सांगणार ना?"

"सांगाच लागते. मी थ्यायले उलटं सांगून बसलो."

"सांगा. पण मी समोर असताना सांगा."

मुलीनं लग्नाआधी सासरी जायचं आणि वर असल्या बोलण्याला बसायचं! आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. पण तिच्यापुढे कोणाचं चालतंय. दुसऱ्या दिवशी हे अकोल्याला गेले आणि आम्ही तिघं अमरावतीला.

काशीबाईंच्या ओसरीवर आम्ही बसलो. वामन खांबाशी उभा. डॉक्टरांनी टोपी मांडीवर घेतली आणि बाजारात बैलाची खोड सांगावी तशी सगळी हकीगत सांगितली. चंद्री, सुभद्रा, सगळं. "माही चूक झाली, इहीनबाई. पोरींलेबी होते. इंदूले होईन का नाई, मले सांगता येत नाई. तुमाले लग्न मोडाचं असन त मोडा. मी राग धरनार नाई."

काशीबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "डॉक्टर, तुमी पोरगी द्याले आले का परत न्याले?"

तेवढ्यात इंदू बोलली. खाली मान घालून नाही, सरळ काकांकडे पाहून. "काकाजी, एक विचारू? माझे बाबा बसले होते तेव्हा तुम्ही कुठे होता?"

डॉक्टर गडबडले. "मी... सुटी काढून आलो होतो ना गावाले. थ्याच्यासाठीच आलो होतो."

"हो. पण त्या दिवशी कुठे होता?"

"बाळापूरले गेलो होतो. तथी एक म्हातारा होता, थ्यानं आज्याले पाह्यलं होतं. थ्याले इचाराले, का आजा कसा बसला, कवा बसला..."

"आणि बाबांपाशी कोण बसलं होतं?"

 डॉक्टरांनी मांडीवरची टोपी उचलली. मग म्हणाले, "कोनी नाई, पोरी. कोनीच नाई." आणि तो धिप्पाड माणूस टोपी तोंडावर धरून रडायला लागला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ते घराण्यात शोधत होते. पण ही एवढी गोष्ट त्यांनी कोणत्याच दाण्याखाली मांडली नव्हती. मला त्यांचा राग नाही आला. फार दया आली.

इंदू उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तीही रडत होती. वामन आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि कोणाला द्यावा हे न कळून तसाच उभा राहिला.

काशीबाईंनीच तो प्रसंग सावरला. "पुरे झालं आता. चहा थंडा होऊन राह्यला. अन् डॉक्टर, तुमच्या घरी बसतात, आमच्या घरी उठतात. माह्या सासऱ्यानं रागाच्या भरात सोताचीच कडब्याची गंजी पेटोली होती, थे मी सांगतलं का तुमाले? नाई सांगतलं! वामन्या, बोल रे, लग्न कराचं का नाई?"

वामन म्हणाला, "मी कधी नाही म्हटलं?"

"पोरी, तू?"

इंदूनं नाक पुसलं आणि म्हणाली, "चहात साखर कमी आहे." यालाच होकार समजून काशीबाई आत गेल्या.

लग्न थाटात झालं. मुलीकडचे म्हणून डॉक्टरांनी एकच मागणी केली. तांदळाचं ताट आलं, वामननं अंगठी हातात घेतली, तेव्हा ते पुढे झाले. "जवाईबापू, नाव बदलू नका."

काशीबाईंनी विचारलं, "काहून?"

"मंग सापडत नाई," डॉक्टर म्हणाले.

वामननं तांदळात 'इंदू' लिहिलं. भटजी कुरकुरले, बायका कुजबुजल्या; पण लिहिलं ते लिहिलं.

इंदू गेल्यावर डॉक्टरांची ओसरी मोकळी दिसायला लागली. रविवारी तूर मांडणं हळूहळू थांबलं. मी एकदा विचारलं, "मग डॉक्टर, आडातलं पोहऱ्यात कधी येतं ते कळलं का?" म्हणाले, "नाई कळलं, बाई. रक्तात काईतरी हाय, हे पक्कं. पन निरं रक्तच नाई. पुढं कोनी लावन शोध. माह्याजवळ बकरीनं खाल्लेलं घराणं हाय, थेवढ्यावर काय होते?" आता म्हणे जगभरची शहाणी माणसं हाच शोध लावत बसली आहेत, हजारो माणसांचं रक्त तपासून. नातवानं मला वाचून दाखवलं. मला वाटलं, त्यांच्यात आमच्या डॉक्टरांना नुसतं सोडून द्यायला हवं होतं. प्रत्येकाला त्याचे आजोबा आठवायला लावले असते.

पुढच्या वर्षी इंदूला मुलगी झाली. आणि थंडीच्या सुरुवातीला अमरावतीहून निरोप आला. इंदू बसली.

डॉक्टर त्याच दिवशी सुटी टाकून गेले. जाताना मला म्हणाले, "बाई, बकरीले पाला घालजा," आणि मग आठवलं की बकरी माझी आहे. इतका गोंधळलेला माणूस मी पाहिला नव्हता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे, अमरावतीच्या त्या बगिच्यात. पुढे आमच्या ह्यांची बदली झाली आणि भेट राहूनच गेली. शाळेला नाताळची सुटी लागताच मी गेले होते. काशीबाई नातीला खांद्यावर टाकून फाटकाशीच भेटल्या. नेहमीचा आवाज बारीक झाला होता. "या मास्तरीनबाई. पाहा तुमीच. एक बसली होती, आता दोन झाले."

झाडं संत्र्यांनी वाकली होती. एका झाडाखाली सतरंजी, तिच्यावर इंदू. केस विस्कटलेले, नजर समोर, कशावरच नाही. आणि तिच्या बाजूला, खाली मातीतच, पाय पसरून डॉक्टर. सोला टोपी बाजूला पडलेली. काशीबाई हळूच म्हणाल्या, "आल्यापासून असेच. सकाळी येऊन बसते, दिवस बुडल्यावर उठते. एक सवाल नाई इचारला कोनाले. माह्या माहेरचंबी नाई!"

मी जवळ जाऊन बसले. इंदूच्या पाठीवरून हात फिरवला, शाळेतल्या चार गोष्टी सांगितल्या, सहामाहीत कोण पास झालं, कोण नापास. ती ऐकत होती की नाही, देव जाणे. डॉक्टरांनी मला नुसती मान हलवून 'या' म्हटलं. बराच वेळ आम्ही तिघंही तसेच बसलो. ऊन कलायला लागलं तसं मला गाडी आठवली. मी उठले.

माझ्या पदराला ओढ लागली. इंदूनं टोक धरलं होतं. आवाज इतका खोल आणि घोगरा की मला वाकावं लागलं.

"बाई," ती म्हणाली, "काकाजींना काय झालंय हो? काहीच विचारत नाहीत."

डॉक्टरांनी गर्रकन मान वळवली. त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही, दोन्ही असेल. कोटाच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं, घसा खाकरला. मला वाटलं, आता काय विचारतात की, कोणाच्या पणजीचं काढतात की!

"पोरी," ते म्हणाले, "भूक लागली का तुले?"

इंदूनं पुष्कळ वेळ विचार केला.

"थोडी," ती म्हणाली.